मोडेम का बोलत नाही? : डायल-अप जोडणी आणि दोषशोधन
(द्वितीय वर्ष, कला)

विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. त्यानंतर काही वर्षे घरच्या संगणकावर इंटरनेट येत असे ते टेलिफोनच्या तारेवरून, आणि या दोहोंच्या मध्ये असे मोडेम. आज ही पद्धत मागे पडली आहे. अमेरिकेतील एओएल या कंपनीनेही आपली डायल-अप सेवा ३० सप्टेंबर २०२५ रोजी बंद केली. मग आता या विषयावर लिहिण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. प्रयोजन एवढेच की, यंत्रातील दोष पद्धतशीरपणे कसा शोधावा हे शिकण्यास मोडेमइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडते. मोडेम काम करताना आवाज करतो आणि अडला तर कोठे अडला हे शब्दांत सांगतो.

मोडेम म्हणजे काय?

संगणकाची भाषा शून्य आणि एक या दोनच अंकांची. टेलिफोनची तार मात्र माणसाच्या आवाजासाठी बनविलेली. तिच्यावरून साधारणपणे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच कंपनसंख्येचे ध्वनी जातात. अंकांचे ध्वनीत रूपांतर करणे म्हणजे मॉड्युलेशन व ध्वनीचे पुन्हा अंकांत रूपांतर करणे म्हणजे डीमॉड्युलेशन. या दोन शब्दांच्या आद्याक्षरांवरून 'मोडेम' हे नाव पडले. थोडक्यात, मोडेम हा दुभाषी होय.

१९६२ सालचा बेल १०३ हा मोडेम सेकंदाला ३०० बिट पाठवी. १९९८ मध्ये आलेल्या व्ही.९० या मानकाने हा वेग ५६,००० बिटांपर्यंत नेला, पण तोही फक्त आपल्याकडे येणाऱ्या माहितीपुरता. आठ बिटांचा एक बाइट होतो, म्हणजे सेकंदाला फार तर ७,००० बाइट. हे ध्यानात घेतले म्हणजे 'छप्पन्नचा मोडेम असून इतका संथ का?' या तक्रारीत बरेचदा दोष नसतोच, हे कळते.

चार दुवे

जोडणीची साखळी चार दुव्यांची असते : संगणक व मोडेम, मोडेम व तार, आपला मोडेम व पलीकडचा मोडेम, आणि शेवटी नाव व परवलीचा शब्द. दोष यांपैकी कोठल्या दुव्यात आहे, हे आधी ठरवावे आणि मगच हात लावावा.

पहिला दुवा : हायपरटर्मिनल या प्रोग्रॅममध्ये 'एटी' ही दोन अक्षरे टाइप करून एन्टर दाबावे. 'एटी' म्हणजे अटेन्शन, 'लक्ष दे'. हेज कंपनीच्या १९८१ च्या स्मार्टमोडेमपासून ही आज्ञावली रूढ झाली. 'ओके' असे उत्तर आले, तर हा दुवा शाबूत आहे. उत्तर न आल्यास केबल, विद्युतपुरवठा किंवा पोर्ट तपासावे. त्या काळच्या संगणकात कॉम १ व कॉम ३ ही दोन पोर्ट एकच इंटरप्ट, क्रमांक ४, वापरत. माऊस कॉम १ वर व मोडेम कॉम ३ वर असला, तर फोन लागताच माऊस थिजे. अशा वेळी मोडेम कॉम २ वर न्यावा. त्याचा इंटरप्ट ३ हा वेगळा असतो.

दुसरा दुवा : 'नो डायलटोन' असा संदेश आला, तर प्रथम साध्या टेलिफोनचा रिसीव्हर उचलून ऐकावे. तेथेही आवाज नसेल, तर मोडेमचा दोष नाही. तेथे आवाज असेल, तर तार मोडेमच्या 'फोन' या खाचेत न घालता 'लाईन' या खाचेत घातली आहे ना, ते पाहावे. तीही बरोबर असेल, तर अमेरिकन डायलटोनसाठी बनविलेल्या मोडेमला आपल्या एक्स्चेंजचा टोन ओळखता येत नाही, असे समजावे. विंडोज ९८ मध्ये मोडेमच्या 'एक्स्ट्रा सेटिंग्ज' या चौकटीत 'एटीएक्स३' लिहिले, की तो टोनची वाट न पाहता नंबर फिरवतो. नंबर फिरवल्यावरही डायलटोन तसाच ऐकू येत राहिला, तर एक्स्चेंज जुने आहे. टोनऐवजी पल्स डायलिंग निवडावे.

तिसरा दुवा : पलीकडच्या मोडेमने फोन उचलला, की शिट्ट्या व खरखर ऐकू येते. दोन्ही मोडेम आपापसांत वेग ठरवीत असतात. यानंतर 'नो कॅरियर' आले, तर ही ओळख पटली नाही किंवा पटून तुटली. बहुधा तार दोषी असते. पावसाळ्यात सांध्यांत ओल शिरून खरखर वाढते. समांतर जोडलेला दुसरा फोन कोणी उचलला, तरीही जोडणी तुटू शकते. यास्तव सर्व जादा फोन काढून एकाच आखूड तारेने पाहावे. तरीही तसेच राहिले, तर लाईनमनला बोलवावे.

चौथा दुवा : सारे आवाज नीट होऊन शेवटी ६९१ क्रमांकाची चूक दिसली, तर मोडेम निर्दोष आहे. नाव किंवा परवलीचा शब्द चुकला आहे. कॅप्स लॉक पाहावे. येथे घाईने पुनःपुन्हा प्रयत्न करू नये, कारण पलीकडून फोन उचलला गेलेला असतो आणि प्रत्येक फसलेल्या प्रयत्नाचा कॉल बिलात चढतो.

दोन नियम

एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि बदलण्यापूर्वी जुनी नोंद वहीत लिहून ठेवावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर यंत्र सुरू होईलही, पण कशाने झाले ते कळणार नाही.

ज्यांच्या घरात आजवर कोणी कॉलेजात गेले नव्हते, अशा माझ्यासारख्यांचा हात पडद्यावर इंग्रजी संदेश आला की आखडतो. 'बिघडले' म्हणून आपण यंत्र दुकानात नेतो आणि दुकानदार सांगेल ते मान्य करतो. वास्तविक 'नो कॅरियर' हा निकाल नसून पत्ता आहे. कोठल्या दुव्यापाशी जावे, एवढेच तो सांगतो. मोडेम गेले, त्यांच्या जागी आलेली यंत्रे शिट्टी वाजवीत नाहीत. परंतु साखळीचे दुवे त्यांच्यातही आहेत, आणि ते एकेक करून तपासण्यास विज्ञानशाखेचा विद्यार्थी असण्याची गरज नाही.