मराठीचा पदवीधर आणि विपणन क्षेत्रातील काम

४.१ प्रास्ताविक

मराठी विषय घेऊन पदवी मिळविणाऱ्यास अध्यापन आणि स्पर्धा परीक्षा एवढेच मार्ग खुले असतात, असा समज रूढ आहे. तो अपुरा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात ८ कोटींहून अधिक लोकांची मातृभाषा मराठी आहे. त्यांच्यापर्यंत माल वा सेवा पोहोचवू पाहणाऱ्या उद्योगांना मराठी जाणणारी माणसे लागतात. प्रस्तुत घटकात या कामाचे स्वरूप आपण पाहणार आहोत.

४.२ विपणन म्हणजे काय?

विपणन म्हणजे केवळ विक्री नव्हे आणि केवळ जाहिरातही नव्हे. जेरोम मॅकार्थी यांनी १९६० मध्ये उत्पादन, किंमत, स्थान आणि प्रवर्तन अशी विपणनाची चार अंगे मांडली. भाषेचा पदवीधर बहुधा यांपैकी प्रवर्तनाच्या अंगाने या क्षेत्रात प्रवेश करतो.

४.३ प्रारंभीच्या कामाचे स्वरूप

नवोदित कॉपीरायटरला, म्हणजेच जाहिरातीचा मजकूर लिहिणाऱ्यास, घोषवाक्ये लिहिण्याची संधी क्वचितच मिळते. हिंदी वा इंग्रजी मजकूर मराठीत आणणे, वेष्टनावरील सूचना व माहितीपत्रके तयार करणे, आकाशवाणीसाठी संहिता लिहिणे आणि मुद्रिते तपासणे ही त्याची नित्याची कामे होत. लेखनापूर्वी तीन गोष्टी निश्चित कराव्यात : वाचक कोण, त्याला नेमके काय सांगावयाचे आणि जागा किती. मजकूर दुरुस्तीसाठी वारंवार परत येतो. तो कामाचाच भाग समजावा.

४.४ भाषिक विवेक

‘आम्ही ग्राहकांची मदत करतो’ हे वाक्य पाहा. त्यातील रचना हिंदीची आहे. मराठीत आपण ‘ग्राहकांना मदत करतो’ असे म्हणतो. अशा मजकुरातील परकेपणा वाचकाला तत्काळ जाणवतो.

आता बियाण्याच्या जाहिरातीसाठी योजलेली ही दोन काल्पनिक वाक्ये ताडून पाहा :

(अ) या वाणाने उत्पन्न दुप्पट होणारच.
(आ) योग्य मशागत व पुरेसे पाणी असल्यास या वाणाचे उत्पादन वाढू शकते.

पहिल्या वाक्यातील ‘च’ हे एकाक्षरी अव्यय शक्यतेचे रूपांतर हमीत करते. शिवाय ‘उत्पन्न’ या शब्दाने पीक आणि पैसा असे दोन्ही अर्थ सूचित होतात. पीक वाढले तरी भाव पडल्यास पैसा वाढत नाही. या ‘च’वर विसंबून एखादा शेतकरी कर्ज काढू शकतो. दुसरे वाक्य कमी आकर्षक आहे. परंतु अटी सांगून ते निर्णय वाचकाच्या हाती ठेवते.

४.५ नियमन

जाहिरातींच्या स्वयंनियमनासाठी १९८५ मध्ये भारतीय जाहिरात मानक परिषद स्थापन झाली. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादकास १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून प्रत्येक दाव्याचा पुरावा लेखकाने आधी मागून घ्यावा. नोकरीत नवे असताना हा प्रश्न विचारणे अवघड जाते. तथापि ‘च’ कोठे खोटा ठरतो, हे व्याकरण शिकलेल्या माणसाच्या सर्वप्रथम लक्षात यावयास हवे.

४.६ स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. विपणनाची चार अंगे सांगून त्यांतील प्रवर्तनाचे स्थान स्पष्ट करा.
२. घरातील कोणत्याही एका वस्तूच्या वेष्टनावरील मराठी मजकूर वाचा. त्यातील परभाषेची रचना व निराधार दावे शोधून तो मजकूर पुन्हा लिहा.