यात्रेचा पैसा गावात कसा राहील?

आपल्या हिंगोली जिल्ह्यात यात्रेची दोन मोठी ठिकाणे आहेत. एक औंढा नागनाथ. त्याला बारा ज्योतिर्लिंगांत मान आहे. दुसरे नर्सी नामदेव. हे संत नामदेवांचे जन्मगाव. नामदेवमहाराज पुढे पंजाबात गेले, घुमान गावी राहिले. त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबात आहेत. म्हणून नर्सीला वारकरी येतात, तसे शीख बांधवही येतात.

यात्रेकरू आला की पैसा येतो. पण किती येतो? आणि गावात किती राहतो? चला, हिशेब मांडून पाहू.

समजा, १०० माणसे आली. दर्शन घेतले, फूल-नारळ घेतला, चहा घेतला आणि तासाभरात गेली. माणशी ५० रुपये खर्चले. एकूण ५,००० रुपये झाले. आता समजा, त्यांतली ३० माणसे मुक्कामाला राहिली. खोली, जेवण, न्याहारी धरून माणशी आणखी ४०० रुपये खर्चले. म्हणजे १२,००० रुपये वाढले. माणसे तेवढीच, पण पैसा तिपटीहून जास्त!

मग माणूस मुक्कामाला का राहत नाही? औंढ्याला गाभारा खाली आहे, वाट अरुंद आहे. गर्दीच्या दिवशी रांग लांबते. रांगेत सावली हवी, पाणी हवे. बायामाणसांसाठी स्वच्छ संडास हवा. तो नसेल तर कुटुंबवाला माणूस दर्शन झाले की गाडी काढतो.

दुसरी गोष्ट मालाची. नारळ आपल्याकडे फारसा पिकत नाही. त्याचा बराच पैसा बाहेर जातो. पण वसमत-हिंगोलीची हळद नावाजलेली आहे. ती आपल्याच शिवारातली. बचत गटाच्या बायांनी हळद दळून, पुड्या बांधून विकली, तर शेतकऱ्याला मिळते आणि बायांच्या हाताला कामही मिळते.

तिसरी गोष्ट भावाची. महाशिवरात्रीला, श्रावणी सोमवारी औंढ्याला गर्दी होते. आषाढी करून परतणारे वारकरी नर्सीला येतात. बाकीचे दिवस सुने जातात. मग काही दुकानदार चार दिवसांत वर्षाची कमाई करू पाहतात. इथेच घात होतो.

एका यात्रेत आम्ही हे डोळ्यांनी पाहिले. एका बाईने लेकरासाठी पाण्याची बाटली मागितली. दुकानदाराने दुप्पट पैसे सांगितले. आम्ही म्हणालो, "अहो, असं कसं?" तो म्हणाला, "गुरुजी, ही माणसं पुन्हा कुठं येतात?" बाईने मुकाट्याने पैसे दिले. पण तिच्याबरोबरची वीस माणसे तिथे चहाला बसणार होती, ती उठून गाडीत जाऊन बसली. बाटलीमागे वीस रुपये मिळाले, वीस चहा गेले. शेजारच्या दुकानांचेही गिऱ्हाईक गेले. त्या शेजाऱ्यांचा काय दोष होता?

तो यात्रेकरू कदाचित पुन्हा येणार नाही. पण घरी जाऊन तो दहा जणांना सांगेल. काय सांगेल, ते आपल्या हाती आहे.

तेव्हा मंडळी, दुकानावर भावाची पाटी लावा. संडास, पाणी आणि सावलीचा प्रश्न ग्रामसभेत, नगरपंचायतीत मांडा. देव यात्रेकरूला आणतो. त्याला थांबवणे आपले काम आहे.

सांगा पाहू :
१. मुक्काम झाला तर कोणाकोणाला काम मिळते?
२. आपल्या शिवारातला कोणता माल यात्रेत विकता येईल?
३. दुकानदाराने वीस रुपये कमावले की गमावले?