मदतीचा हात, पण आपल्याच घरी

परवा एक एकसष्ट वर्षांचे शिंपी दवाखान्यात आले होते. पक्षाघाताचा झटका येऊन सात महिने झालेले. बोलणे स्पष्ट, पण उजवा हात जवळजवळ निकामी. पत्नी हयात नाही. सोबत पुण्याहून आलेला मुलगा होता. "डॉक्टर, अप्पांना एकटं कसं ठेवायचं? मी घेऊन जातो त्यांना." अप्पा मान खाली घालून म्हणाले, "घर सोडून मला कुठं जायचं नाही." दोघांचेही बरोबर होते.

अशा वेळी ‘एकटे राहता येईल का?’ हा प्रश्नच चुकीचा असतो. कोणत्या कामाला, किती वाजता आणि किती वेळ दुसऱ्याचा हात लागतो, हे विचारावे. मी त्यांना वही दिली. सकाळी उठल्यापासून निजेपर्यंतचे प्रत्येक काम आठवडाभर लिहायला सांगितले. निघाले असे: जेवण डाव्या हाताने जमते, आंघोळ, शर्टाची बटणे आणि रात्री उठणे जमत नाही, गॅसवरून भांडे उतरवणे धोक्याचे. म्हणजे सकाळी तासभर, संध्याकाळी अर्धा तास माणूस हवा. रात्रीसाठी पलंगाजवळ लघवीचे भांडे पुरते.

मदत करणाऱ्यांनीही काही गोष्टी शिकून घ्याव्यात. लुळा हात ओढून रुग्णाला कधीही उठवू नये, खांदा निखळतो. कपडे घालताना आधी लुळा हात बाहीत घालावा, काढताना चांगला हात आधी काढावा. काठी चांगल्या बाजूच्या हातात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना कमजोर पाय आधी. न्हाणीघरात प्लास्टिकची भक्कम खुर्ची, न घसरणारी चटई आणि चांगल्या हाताच्या बाजूला भिंतीत पक्का दांडा हवा. नळाला किंवा टॉवेलच्या दांडीला धरून उभे राहू नये, ते वजन पेलत नाहीत.

आता हक्काविषयी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ५ प्रमाणे दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे. अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती तिच्यावर करता येत नाही. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक असून जास्त आधाराची गरज असल्यास कलम ३८ खाली तसा अर्जही करता येतो. इंग्लंडमध्ये २०१४ च्या केअर ॲक्टनुसार प्रौढ माणसाला मदतीची गरज दिसली, की त्याची ऐपत न पाहता स्थानिक कौन्सिलला गरजेची तपासणी करावीच लागते. आपल्याकडे कायदा चांगला आहे, पण घरी माणूस पाठवणारी यंत्रणा तोकडी आहे. म्हणून बहुतेकांना आधी शेजारी, नातलग किंवा पगारी बाई यांच्यावरच भिस्त ठेवावी लागते.

तरी कागद करून ठेवावेत. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डाचा अर्ज ऑनलाइन भरून तपासणी सरकारी रुग्णालयात होते. उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या ६५ वर्षांखालील व्यक्तींसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. चौकशी तहसील कार्यालयात करावी. २०१७ पासूनच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत साठीपुढील गरजूंना काठी, वॉकर, व्हीलचेअर अशी साधने मिळतात.

तपासणीच्या दिवशी मात्र एक चूक बहुतेकजण करतात. स्वच्छ कपडे घालून, ताठ बसून, "सगळं जमतं हो" म्हणतात. शर्ट कुणी चढवला ते सांगत नाहीत! लाजू नका. चांगल्या दिवसाचे नव्हे, वाईट दिवसाचे सांगा. त्यासाठी ती वही सोबत न्या.

अप्पांच्या गल्लीतल्याच एका बाईंनी दोन्ही वेळा यायचे कबूल केले आहे. त्यांचा पगार मुलगा पाठवणार. दांडा बसवायला मिस्त्री शनिवारी येतो आहे, तोवर आंघोळ खुर्चीवर बसून. आणि डाव्या हाताने कात्री चालवायचा प्रयत्न अप्पांनी सुरूही केला आहे.