लीक लावतेस, तर जरा ऐक

अगं छोटे, कार्डिफच्या नव्या घरामागे वाफा केलास आणि त्यात लीक लावायचा म्हणतेस, हे ऐकून किती बरं वाटलं म्हणून सांगू! वेल्समध्ये राहतेस, तर हे पीक परसात हवंच. १ मार्चला, सेंट डेव्हिडच्या दिवशी, तिथली माणसं कोटावर लीक नाहीतर डॅफोडिल लावून मिरवतात, ते तू यंदा पाहिलंच असशील. इकडे न्यूकॅसलच्या बाजूलाही लीकचं वेड कमी नाही. सप्टेंबरात क्लबांमधून आखूड, जाडजूड लीकची प्रदर्शनं भरतात, आकारमान मोजून बक्षिसं देतात, आणि वाढवणारे आपल्या खताचं गुपित सहसा कुणाला सांगत नाहीत. तुला मात्र मी सगळं सांगणार. आपल्याला बक्षीस नकोय, जानेवारीत ताटात ताजी भाजी हवी आहे.

आपण निफाडच्या मुली. कांद्याची लागण बघत वाढलो, त्यामुळे लीक हाती आला की वाटतं, हाही त्याच घरातला, तसाच लावावा. तिथेच सांभाळ. कांद्याचं रोप आपण वरच्यावर लावतो, कारण गड्डा पोसायला वर मोकळीक लागते. लीकला गड्डा धरायचाच नसतो. आपण खातो तो त्याचा लांब दांडा, आणि त्याच्या जेवढ्या भागाला उजेड लागत नाही तेवढाच पांढरा, कोवळा राहतो. म्हणून लीक खोल लावायचा. बाकी काही थोडं इकडेतिकडे झालं तरी निभावेल, हे एक चुकवू नकोस.

मार्च संपत आलाय, एप्रिलच्या मध्यापर्यंत बी टाकून घे. ट्रेमध्ये टाक, सेंटिमीटरभर खोल आणि विरळ. उगवायला दोन-तीन आठवडे लागतात, रोज माती उकरून बघू नकोस. जात विचारशील तर मसलबरा घे. स्कॉटलंडची जुनी जात आहे, थंडीला दाद देत नाही. किंग रिचर्ड लवकर तयार होतो, दांडाही छान लांब येतो, पण कडाक्याच्या थंडीत तग धरत नाही. तो दिवाळीच्या सुमारास खाऊन संपवायचा. जागा असेल तर थोडे थोडे दोन्ही लाव.

रोपं पेन्सिलीएवढी जाड आणि वीतभर उंच झाली की हलवायची, म्हणजे जून-जुलै उजाडतो. तोवर ती इतकी किरकोळ दिसतात की तुला वाटेल, सगळं फुकट गेलं. तसं काही नसतं, या पिकाची चालच सावकाश आहे.

लागणीच्या दिवशी मात्र घाई करू नकोस, कारण सगळं त्या दिवसावर आहे. वाफ्यात चांगलं कुजलेलं खत आधीच मिसळून ठेव, रोपांना आदल्या दिवशी पाणी दे. मग जाड काठीनं १५ ते २० सेंटिमीटर खोल भोकं पाडत जा, दोन भोकांत १५ सेंटिमीटर आणि दोन ओळींत ३० सेंटिमीटर अंतर ठेवून. प्रत्येक भोकात एकच रोप सोडायचं, वर फक्त शेंडे दिसले पाहिजेत. मुळं लांबून अडकत असतील तर थोडी छाटलीस तरी चालेल. आणि आता हात आवर. माती लोटायची नाही! भोक काठोकाठ पाण्यानं भर, बस्स. पाणी बुडबुडत खाली जातं, जाताना कडेची थोडी माती ओढून नेतं आणि ती मुळांवर बसते. रोपाला तेवढी पुरते. भोक उघडंच राहतं, त्यात ते रोप एकटं उभं असतं, आणि आपल्याला राहून राहून वाटतं की बोटांनी दाबून द्यावं. नाही द्यायचं. त्या मोकळ्या जागेत दांडा जाड होतो, आणि पावसानं, खुरपणीनं माती हळूहळू आपसूक आत येत जाते.

ऑगस्टपासून दांड्याला थोडी थोडी मातीची भर दे, पण पानं फुटतात त्याच्या खालीच थांब. त्याच्यावर माती गेली की ती पानांच्या घड्यांत शिरते आणि पुढे भाजीत दाताखाली कचकचते. तण वेळच्या वेळी काढ. लीकची पात अरुंद, तिची सावली पडत नाही, त्यामुळे तण लगेच डोकं वर काढतं. कोरडा आठवडा गेला तर भरपूर पाणी दे.

उन्हाळा सरता सरता पानांवर नारिंगी ठिपके दिसतील, बोट फिरवलं तर भुकटी बोटाला येईल. तो तांबेरा. घाबरू नकोस. खराब पानं काढून टाक, थंडी पडली की नवी पात बहुधा स्वच्छ येते आणि आतला दांडा खुशाल खाता येतो. नत्राचं खत जास्त झालं किंवा रोपं दाटीनं लावली की हा रोग बळावतो.

खरी काळजी वाटते ती पान पोखरणाऱ्या माशीची. ब्रिटनमध्ये ती २००२ मध्ये पहिल्यांदा सापडली आणि नंतर पसरत गेली. मार्च-एप्रिलमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ती अंडी घालते. आधी पानावर पांढऱ्या टिंबांची सरळ ओळ दिसते. मग अळ्या पोखरत खाली दांड्यात उतरतात, आणि सोलायला घ्यावं तर आत जिऱ्याहून लहान तपकिरी कोष निघतात. औषध शोधत बसू नकोस. त्या महिन्यांत वाफ्यावर कीटक अडवणारी बारीक जाळी घाल आणि तिच्या कडा मातीत दाबून टाक. आणि जिथे मागच्या वर्षी कांदा, लसूण किंवा लीक होता, तिथे लावू नकोस. कोष मातीत राहिलेले असतात, त्यातून माशी जाळीच्या आतच बाहेर पडते, मग जाळीचा उपयोग काय?

तुझा तिथला पहिला हिवाळा कसा गेला, ते मला फोनवरच्या आवाजावरून कळत होतं. चार वाजता अंधार, बाहेर जायला काही निमित्त नाही. म्हणून या पिकाचा आग्रह धरतेय. बाकीची बाग झोपलेली असते तेव्हा लीक वाफ्यात उभा असतो, लागेल तसा काढायचा. ओढून काढू नकोस, तुटेल. खालून काट्याचं फावडं घालून माती सैल कर आणि मग उचल. जमीन गोठणार असा अंदाज असेल, तर आदल्या दिवशी थोडे काढून घराजवळच्या मऊ मातीत तिरपे पुरून ठेव.

धुताना पांढऱ्या भागाच्या वरून उभी चीर दे आणि पानं उलगडून नळाखाली धर. मग मोहरी-हिंगाची फोडणी, बारीक चिरलेला लीक आणि वरून बेसन. पातीच्या कांद्याच्या झुणक्यापेक्षा सौम्य लागतो, म्हणून मिरची थोडी सढळ हातानं घाल. हिरवी पात टाकू नकोस, आमटीत उकळ.

एप्रिलपर्यंत सगळे काढून घे, नाहीतर दुसऱ्या वसंतात डेंगळे येतात आणि दांड्याच्या आत लाकडासारखा कडक भाग तयार होतो. एखादा मुद्दाम राहू दिलास तर गोल फुलोरा येतो, मधमाश्या झुंबड करतात. आणि हो, बी घेताना पाकिटावरचं वर्ष बघ. हे बी कांद्याच्या बियांइतकंच अल्पायुषी, जुनं असेल तर धड उगवत नाही. माझ्याकडे मसलबराचं यंदाचं आहे, उद्या पोस्टात टाकते.