इसहाकाची शंका



उत्पत्तीच्या पुस्तकातील २७ व्या अध्यायाची कथा आपल्या परिचयाची आहे. थोरल्या भावाची वस्त्रे घालून, हातांना करडांची कातडी गुंडाळून याकोब आंधळ्या पित्यापुढे गेला. इसहाकाला आवाज ओळखू आला, शंकाही आली. तरी हात चाचपून त्याने विश्वास ठेवला. एसावाच्या नावाचा आशीर्वाद दुसराच घेऊन गेला.

आजही असेच घडते. कोणी आपल्या आधार किंवा पॅन कार्डाची प्रत मिळवतो आणि आपल्या नावावर सिमकार्ड घेतो, कर्ज उचलतो. कोणी बँकेतून बोलत असल्याचे सांगून ओटीपी मागतो. आपल्याला शंका येते, पण समोरच्याची घाई ती दाबून टाकते. शंका घेणे म्हणजे प्रेमाचा अभाव नव्हे. तो देवाने दिलेला विवेक आहे. अशा वेळी फोन ठेवावा आणि पासबुकावरील क्रमांकावर आपणच बँकेला विचारावे. झेरॉक्स देताना तिच्यावर कारण व तारीख लिहावी. जिथे चालेल तिथे केवळ शेवटचे ४ अंक दाखवणारे 'मास्क्ड' आधार द्यावे.

तरीही फसवणूक झालीच, तर:

१. ताबडतोब बँकेला कळवून कार्ड बंद करावे व तक्रार क्रमांक लिहून ठेवावा.

२. पैसे गेले असल्यास विनाविलंब १९३० वर फोन करावा. लवकर कळवल्यास रक्कम वाटेत रोखली जाण्याची शक्यता वाढते.

३. सरकारच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर आपल्या नावावरील मोबाईल क्रमांक पाहावेत व अनोळखी क्रमांक कळवावा.

४. सिबिलसारख्या संस्थेकडून वर्षातून एकदा मोफत मिळणारा कर्ज-अहवाल मागवावा. न घेतलेले कर्ज दिसल्यास हरकत नोंदवावी.

सातवी आज्ञा चोरीला मनाई करते, आठवी खोट्या साक्षीला. दुसऱ्याची ओळख चोरणारा दोन्ही मोडतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी नुसार त्याला ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मात्र अनेक जण लाजेने गप्प बसतात, घरच्यांनाही सांगत नाहीत. त्या मौनाचा फायदा चोरालाच होतो. फसवले जाणे हे पाप नव्हे. म्हणून घरातील वडीलधाऱ्यांना हसू नये, रागावू नये. त्यांच्यासोबत बँकेत व पोलीस ठाण्यात जावे. उत्तम मेंढपाळ आपल्या प्रत्येक मेंढराला नावाने हाक मारतो. एकमेकांचे नाव जपणे हे आपलेही कर्तव्य आहे.