व्यसन आणि अभ्यासयोग

वारकरी बंधुभगिनींनो, 'व्यसन' हा शब्द संस्कृतातला. 'वि' हा उपसर्ग आणि 'अस्' म्हणजे फेकणे हा धातू, यांपासून तो झाला. माणसाला मार्गावरून दूर फेकते ते व्यसन. या शब्दाचा संकट असाही अर्थ आहे. आम्ही कीर्तनकार पहिला अर्थ रंगवून सांगतो आणि दुसरा विसरतो. ही चूक माझ्याच हातून घडली, ती आधी सांगतो.

आमच्या दिंडीत पखवाज वाजवणारा एक पोर होता. तो गर्दा ओढतो असे कळले, तेव्हा मी त्याला सर्वांदेखत उभे केले आणि गळ्यातल्या माळेची शपथ घालायला लावली. पोराने ती मनापासून घेतली हो! पण तिसऱ्या दिवशी मोडली. माळ देव्हाऱ्यात ठेवून तो घरातून निघून गेला. जाताना आईला म्हणाला, "आता मी वारकरी राहिलो नाही." हे शब्द मला अजून टोचतात.

त्याची शपथ खोटी नव्हती. मग मोडली का? गर्दा म्हणजे अफूपासून बनवलेले भेसळीचे हेरॉईन. शरीर त्याला सरावले की मात्रा वाढवावी लागते, आणि थांबवले की उलट्या, जुलाब, अंगदुखी सुरू होते, झोप उडते. त्यातून विवेक सांभाळणारा मेंदूचा भाग पंचविशीच्या आसपास पक्का होतो. म्हणून तरुणाला धोका अधिक. याकरिता वैद्यकशास्त्र व्यसनाला आजार म्हणते. फार दिवसांची भारी दारू एकाएकी तोडली, तर झटके येऊन प्राणही जाऊ शकतो. तेव्हा मुलाला खोलीत कोंडू नका, डॉक्टरांकडे न्या.

पुण्यात डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. अशा केंद्रांत औषधाने पहिले कठीण दिवस निभावतात. मग समुपदेशन, व्यसनातून सुटलेल्यांची संगत, आणि घरच्यांनाही शिकवण. त्या माउलीने पोराला शोधून अशाच एका केंद्रात नेले. तिथे जन्मभराची शपथ घालत नाहीत. फक्त आजचा दिवस सांभाळायचा. आळंदीहून पंढरी तरी एका ढांगेत कुठे येते? आजचा मुक्काम गाठायचा, उद्याचे उद्या.

गीतेच्या सहाव्या अध्यायात मन आवरण्यासाठी भगवंत अभ्यास आणि वैराग्य सांगतात. त्यावर अर्जुन विचारतो, श्रद्धा असूनही जो वाटेत ढळला, त्याचे काय? भगवंत त्याला टाकत नाहीत. त्याने केलेले वाया जात नाही, असा धीर देतात. आमचा पोर मध्यंतरी एकदा घसरला, तेव्हा मला हे प्रकरण खरे उमगले. घसरला तर पुन्हा उपचार, पुन्हा अभ्यास. मात्र खंडानंतर जुनी मात्रा घेतली तर श्वास बंद पडू शकतो, हे त्याला आणि घरच्यांना स्पष्ट सांगावे.

मुलांनो, पहिला झुरका बहुधा मित्राच्याच हातून येतो. तिथेच नाही म्हणा. अडकलात तर लपवू नका. १४४४६ हा सरकारचा मोफत मदत क्रमांक आहे. आणि वडीलधाऱ्यांनो, लाज घालू नका, हात धरा.

तो परतला, तेव्हा दिंडीसमोर मी त्याची क्षमा मागितली आणि माळ पुन्हा त्याच्या गळ्यात घातली. आता हरिपाठ झाला की तो हळूच सांगतो, "बुवा, आजचा दिवस निभावला." एवढे ऐकून मी झोपतो.

रामकृष्ण हरी.