हजेरीपट आणि संकटातील घर

गावातील एखाद्या घरावर संकट आले, तर त्याची पहिली खूण पुष्कळदा शाळेच्या हजेरीपटात उमटते. नेमाने येणारे मूल अकस्मात येईनासे होते. आले तरी मध्यान्ह भोजनाच्या पंगतीत ताट पुढे घेऊन नुसते बसून राहते. अशा मुलास अभ्यासाविषयी रागे भरण्यापूर्वी शिक्षकाने त्याच्या घराकडे दृष्टी वळवावी. त्यामुळे कदाचित एखादा जीव वाचेल.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली भारतात १,७०,९२४ व्यक्तींनी आत्महत्या केली. त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातील होत्या. अशा घटनेमागे सहसा एकच कारण नसते. कर्ज, नापिकी, गृहकलह, व्यसन, दीर्घ आजार यांपैकी अनेक गोष्टी एकत्र येतात आणि मनुष्यास वाट दिसेनाशी होते. तथापि, तीव्र निराशेची ती घटका बहुधा टळणारी असते. ती टळेपर्यंत सोबत मिळणे, हाच प्रतिबंधाचा गाभा होय.

ओळखण्याच्या खुणा

‘आता माझा कोणास उपयोग नाही’ असे वारंवार बोलणे, माणसांत मिसळणे सोडणे, झोप व भूक हरपणे, व्यसन वाढणे, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, निरवानिरवीची भाषा करणे, या खुणा दुर्लक्षू नयेत. ‘बोलणारा तसे करीत नाही’ हा समज चुकीचा आहे. तसेच, विचारणा केल्याने तो विचार मनात भरतो, हाही समज खरा नाही. उलट, कोणी आपुलकीने विचारले म्हणजे मनाचा भार हलका होतो.

शिक्षकाने काय करावे

समजा, सातवीतील एक विद्यार्थी चार दिवस आला नाही. शिक्षक सायंकाळी त्याच्या घरी गेला. कपाशी हातची गेल्यापासून वडील कोणाशी बोलत नाहीत, असे आईने सांगितले. अशा वेळी चारचौघांत उपदेश करू नये. वडिलांस एकीकडे घेऊन, ‘दादा, जीव नकोसा होतो, असे मनात येते का?’ असे सरळ विचारावे. उत्तर ‘होय’ आले, तरी न घाबरता ऐकून घ्यावे. ‘पोराबाळांकडे पाहा’ असे म्हणून त्यांस अपराधी वाटू देऊ नये. त्यांस एकटे सोडू नये व विश्वासातील आप्तास बोलवावे. फवारणीची औषधे त्याच दिवशी घरातून हलवून कुलपात ठेवावी व किल्ली दुसऱ्याकडे द्यावी.

ही शेवटची गोष्ट क्षुल्लक नव्हे. श्रीलंकेत १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घालण्यात आली. पुढील दोन दशकांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण निम्म्याहूनही कमी झाले.

साहाय्य कोठे मिळते

शिक्षक हा वैद्य नव्हे. त्याचे कार्य दुवा जोडण्याचे आहे. आशा कार्यकर्ती, प्राथमिक आरोग्य केंद्र व जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभाग यांचे साहाय्य घ्यावे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य बोलता येते. मराठीतूनही बोलता येते. संकटातील बालकांसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

कोणी प्रयत्न केलाच, तर पोलिसांच्या भीतीने रुग्णालय गाठण्यास क्षणाचाही विलंब करू नये. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ अन्वये अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते. तिला शिक्षा करावयाची नसून तिची शुश्रूषा करावयाची, असा कायद्याचा आशय आहे.

शाळेत व पालकसभेत

दरवर्षी १० सप्टेंबर हा जागतिक आत्महत्या प्रतिबंध दिन असतो. त्या सुमारास पालकसभेत वरील खुणा समजावून द्याव्या व दोन्ही क्रमांक शाळेच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहावे. घडलेल्या घटनेचे वर्णन वर्गात करू नये. शोकग्रस्त घरातील मूल शाळेत परतले म्हणजे त्यास प्रश्न न विचारता त्याच्या नेहमीच्या जागी बसवावे आणि त्याच्या सोबत्यास जवळ ठेवावे.

केंद्रसंमेलनात विचारार्थ प्रश्न

१. गेल्या महिन्यात सतत गैरहजर राहिलेल्या किती मुलांच्या घरी भेट दिली?
२. गावात फवारणीची औषधे कोठे व कशी ठेवली जातात?
३. रात्री अडचण उद्भवल्यास प्रथम कोणास बोलवावे, हे ठरले आहे काय?